रोगापेक्षा इलाज भयंकर : ओआहूच्या झाडगोगलगायींचं प्रकरण

१ जानेवारी २०१९ रोजी हवाईतल्या ओआहू बेटावर, एका प्रयोगशाळेत, जॉर्ज नावाची गोगलगाय मेली. वय साधारण चौदा वर्षं, आकार बोटाच्या पेराएवढा. 'अकॅटिनेला अपेक्सफुल्वा' या जातीची ही शेवटची ज्ञात गोगलगाय. गालापागोसमधल्या शेवटच्या पिंटा कासवाला 'लोनसम जॉर्ज' म्हणत, त्यावरून हे नाव ठेवलेलं. एकटेपण, नाव, वर्षाचा पहिला दिवस. बातमीला लागतं ते सगळं आयतं होतं आणि बातमी जगभर छापून आली.

मला त्यात खटकते ती तारीख. जॉर्जचा जन्म होण्याआधीच ही जात गेल्यात जमा होती. १९९७ साली कोओलाउ डोंगररांगेतून तिच्या शेवटच्या १० गोगलगायी उचलून हवाई विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत आणल्या होत्या. तिथे त्यांना पिल्लं झाली, पण पिल्लं आणि मोठ्या, दोन्ही एकेक करत गेल्या. उरला तो जॉर्ज. या गोगलगायी उभयलिंगी असतात, तरी वंश वाढवायला जॉर्जला जोडीदार हवाच होता आणि तो कुठेही सापडला नाही. संख्या दहावर आली तेव्हाच बाजी हातातून गेली होती. डोंगरभर असलेल्या गोगलगायींच्या दहा कशा झाल्या, हे पाहण्यासारखं आहे. त्या उतारावर सगळ्यात मोठा धक्का देणारा निर्णय ज्यांनी घेतला, ते बेटावरची पिकं आणि बागा वाचवायला निघाले होते.

झाडावरची जात

अकॅटिनेला या कुळात ४१ जाती नोंदल्या गेल्या आणि त्या सगळ्या एकट्या ओआहू बेटावरच्या. कवच जेमतेम दोन सेंटिमीटरचं, पण तकतकीत. पिवळं, हिरवट, तपकिरी, पांढरं, काळं, त्यावर पट्टे. काहींचा पीळ उजवीकडे तर काहींचा डावीकडे. हवाईचे मूळ रहिवासी या कवचांच्या माळा करत. रात्री जंगलात या गोगलगायी गातात, असा त्यांचा समज होता आणि त्यांच्या जुन्या गाण्यांतून ही गाणारी गोगलगाय येते. आवाज बहुधा रातकिड्यांचा असावा, असं पुढे अभ्यासकांनी म्हटलं. ते बरोबर असेलही, पण ज्या जंगलात प्रत्येक पानामागे चकाकणारी गोगलगाय असेल तिथे आवाजाचं श्रेय तिला द्यावंसं वाटणं साहजिक आहे.

१७८७ साली जॉर्ज डिक्सन नावाचा इंग्रज कप्तान (तोही जॉर्जच) ओआहूला आला, तेव्हा त्याला अशी एक माळ मिळाली. तिच्यातल्या पिवळ्या टोकाच्या कवचांवरून १७८९ मध्ये अपेक्सफुल्वाचं वर्णन छापलं गेलं. हवाईच्या जमिनीवरच्या गोगलगायींपैकी शास्त्रात नोंद झालेली ही पहिली जात.

पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बेटावर कवचं गोळा करण्याची लाटच आली. मिशनऱ्यांची मुलं सुट्टीत डोंगर चढायची आणि पिशव्या भरून कवचं आणायची. त्यातलाच एक मिशनऱ्याचा मुलगा, जॉन थॉमस गुलिक, या छंदातून थेट उत्क्रांतीच्या प्रश्नापर्यंत पोहोचला. शेजारशेजारच्या दोन खोऱ्यांत पाऊस तोच, झाडं तीच, तरी गोगलगायींचे रंग आणि पट्टे वेगळे. मग हा फरक परिस्थितीमुळे पडला असं कसं म्हणायचं? मधल्या डोंगरसोंडेमुळे दोन गट एकमेकांपासून तुटतात, आणि तुटल्यामुळेच वेगळे होत जातात, असं त्याने मांडलं. डार्विनशी त्याचा या विषयावर पत्रव्यवहार आणि भेटही झाली. उत्क्रांतीच्या इतिहासात गालापागोसच्या पक्ष्यांना जागा मिळाली तशी या गोगलगायींनाही मिळायला हवी होती, असं मला नेहमी वाटतं.

पण संग्राहकांना मोकळं सोडता येणार नाही. त्यांनी हजारोंनी नेल्या, त्याही मोठ्या, पूर्ण वाढलेल्या. याचा अर्थ नीट कळायला या गोगलगायीचा संसार जरा जवळून पाहावा लागतो.

ती पान खात नाही. दिवसभर पानाच्या खालच्या अंगाला किंवा फांदीला चिकटून बसते, रात्री हवा ओली झाली की सरकायला लागते आणि पानावर साचलेला बुरशीचा पातळ थर खरवडून खाते. ओहिआ हे तिथलं लाल फुलांचं झाड तिच्या आवडीचं. पानाला धक्का लागत नाही. अनेक गोगलगायी अख्खं आयुष्य एकाच झाडावर काढतात.

ती अंडी घालत नाही, पिल्लू जन्माला घालते, तेही एका वेळी एकच. याच कुळातल्या अकॅटिनेला मुस्टेलिना या जातीवर हवाई विद्यापीठाचे मायकेल हॅडफील्ड यांनी वाइआनाए डोंगरात काम केलं. कवचावर बारीक खुणा करून प्रत्येक गोगलगाय ओळखता येईल असं करायचं, सोडून द्यायचं आणि पुन्हा पुन्हा जाऊन मोजायचं, असा तो खटाटोप. त्यातून जे आकडे हाती आले ते डोळे उघडणारे होते. जन्मताना पिल्लू साधारण ४.५ मिलिमीटरचं. वर्षाला वाढ सुमारे २ मिलिमीटर. प्रजननाला योग्य व्हायला सात वर्षांच्या आसपास. त्यानंतर वर्षाकाठी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी पिल्लं.

म्हणजे आज एक मोठी गोगलगाय गेली तर तिच्या जागी दुसरी उभी राहायला सात वर्षं, आणि तीही मधल्या काळात कुणी खाल्ली नाही तर. गोगलगाय खाणारं फारसं काही नसलेल्या बेटावर हा हिशेब लाखो वर्षं व्यवस्थित चालला. त्यात वाढीव मृत्यूंसाठी तरतूदच नव्हती.

१९५५

मोठी आफ्रिकन गोगलगाय १९३६ साली हवाईत आली. हिची ओळख मराठी शेतकऱ्याला करून द्यायला नको; आपल्याकडे तिला शंखी गोगलगाय म्हणतात. मुठीएवढं कवच, एका वेळी शे-दोनशे अंडी, आणि समोर येईल ते हिरवं फस्त. भारतात ती १८४७ मध्ये आली. बेन्सन नावाच्या इंग्रजाने मॉरिशसहून आणून ती कलकत्त्याच्या बागेत सोडली. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत तिने सोयाबीनची कोवळी रोपं जमिनीलगत साफ केली, तेव्हा दुबार पेरणी करून बसलेल्या माणसाला "जैवविविधता" वगैरे ऐकवण्यात काही अर्थ नव्हता. हवाईतही चिडलेले बागायतदार होते आणि सरकारवर "काहीतरी करा" असा दबाव होता, हे आधी मान्य करू या.

केलं ते असं: गोगलगाय खाणाऱ्या गोगलगायी बाहेरून आणल्या. त्यातली सगळ्यात कुप्रसिद्ध ठरली युग्लँडिना रोझिया, अमेरिकेच्या फ्लोरिडाकडची. इंग्रजीत हिला लांडग्याचं नाव चिकटलं आहे. १९५५ मध्ये ती हवाईत सोडली गेली.

आपल्याकडे "गोगलगाय पोटात पाय" असं ज्याला म्हणतात, तसं हे प्रकरण. गुलाबीसर लांबट कवच, दिसायला निरुपद्रवी. पण तोंडाच्या दोन बाजूंना मिशांसारखे लांब ओठ असतात आणि त्यांनी ती दुसऱ्या गोगलगायीच्या चिकट माग-रेषेची चव घेत जाते. माग ताजा असेल तर त्यावरून वळणं घेत, झाडावर चढत, नेमकी शिकारीपर्यंत पोहोचते. इतर गोगलगायींच्या मानाने चालही जलद. शिकार लहान असेल तर कवचासकट गिळते, मोठी असेल तर तोंड कवचात घालून आतलं मांस ओरबाडून खाते.

आता निवड कशी होणार ते पाहा. एका बाजूला मुठीएवढी आफ्रिकन गोगलगाय. दुसऱ्या बाजूला पेराएवढी, स्थिर बसणारी, एका झाडावरून न हलणारी, आयुष्यात असा शत्रू न पाहिलेली अकॅटिनेला. युग्लँडिना बागांमध्ये थांबली नाही, डोंगरात चढली.

आफ्रिकन गोगलगायींवर तिचा काय परिणाम झाला? काही ठिकाणी त्या पुढे कमी झाल्या खऱ्या. पण ते श्रेय युग्लँडिनाचं आहे याचा पक्का पुरावा नाही. जिथे ही शिकारी सोडलीच नव्हती अशा ठिकाणीही आफ्रिकन गोगलगायींची संख्या काही वर्षांनी आपोआप ओसरल्याची उदाहरणं आहेत. म्हणजे दुखणं कदाचित आपसूक उतरलं असतं, आणि औषधाने मात्र भलताच अवयव निकामी केला.

वाइआनाएमध्ये हॅडफील्ड ज्या तुकड्यात गोगलगायी मोजत होते, तिथेही युग्लँडिना येऊन पोहोचली आणि ती वसाहत संपली. संख्या कशी टिकते हे पाहायला मांडलेला अभ्यास संख्या कशी संपते याची नोंद करून थांबला.

सगळ्यात चीड येते ती याची की ओआहूला हा धडा नवा नव्हता. उसाच्या मळ्यांतले उंदीर मारायला १८८३ मध्ये जमैकाहून मुंगूस आणले होते, आणि जमैकात ते १८७२ मध्ये आपल्या कलकत्त्याहून गेले होते. मुंगूस दिवसा फिरतो, उंदीर रात्री. उंदीर राहिले ते राहिलेच, जमिनीवर घरटी करणारे पक्षी मात्र मुंगसांच्या तोंडी गेले. सत्तर वर्षांनी त्याच बेटांवर त्याच धर्तीचा दुसरा प्रयोग झाला. आणि तरीही फ्रेंच पॉलिनेशियाने १९७४ मध्ये ताहितीवर आणि १९७७ मध्ये मोओरेआवर युग्लँडिना सोडली. मोओरेआच्या पार्टुला कुळातल्या झाडगोगलगायींच्या सातही जाती १९८७ पर्यंत रानातून नाहीशा झाल्या. मोओरेआवर युग्लँडिना सोडली तेव्हा हवाईचा अनुभव वीस वर्षांहून जुना होता.

मूर्खपणा म्हणून हे सोडून देता येईल, पण मला कारण वेगळं दिसतं. भक्षक आणून सोडणं हे स्वस्त असतं, एकदाच करायचं असतं आणि केल्यासारखं दिसतं. यश मोजायची पट्टी "किती सोडल्या" हीच असते. झाडावरची गोगलगाय कुणाच्याच खात्यात नव्हती. ती पीक खात नव्हती, विकली जात नव्हती. तिची बाजू मांडायला शेतीखात्याच्या बैठकीत कोण येणार होतं?

बाकीचे मारेकरी

सगळं खापर युग्लँडिनावर फोडणं मात्र सोयीचं होईल. जंगल आधीच आक्रसलं होतं. खालच्या उतारांवरची झाडी चंदनाच्या व्यापारात, गुराढोरांखाली, मग ऊस आणि अननसाच्या मळ्यांखाली गेली. उरल्या गोगलगायी उंच कड्यांवर, एकमेकींपासून तुटलेल्या तुकड्यांत. रानडुकरं आणि शेळ्या तिथेही पोहोचल्या.

उंदीर तर होतेच. पहिले पॉलिनेशियन लोकांबरोबर आले, पुढे एकोणिसाव्या शतकात जहाजांतून काळा उंदीर आला, आणि तो झाडावर सहज चढतो. त्याला एखाद्या झाडावरच्या गोगलगायींचा पत्ता लागला की झाड रिकामं व्हायला वेळ लागत नाही. १९७२ मध्ये पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून आफ्रिकेतला जॅक्सन सरडा, तीन शिंगांचा, ओआहूच्या रानात सुटला. पुढे त्याच्या पोटात देशी गोगलगायींची कवचं सापडली.

या मारेकऱ्यांच्या खुणा वेगवेगळ्या. डोंगरात काम करणारी माणसं झाडाखालचा पालापाचोळा उपसतात आणि पडलेली कवचं उचलून पाहतात. कवच फुटलेलं, कडा कुरतडून दातेरी झालेल्या, तर उंदीर. कवच अखंड, चकचकीत, आत काहीच नाही, तर युग्लँडिना. पहिल्या प्रकारची कवचं दिसली तर सापळे लावायला थोडा वेळ मिळतो. दुसऱ्या प्रकारची दिसली की झाडावरच्या उरलेल्या गोगलगायी हलवायच्या की नाही याचा निर्णय लगेच करावा लागतो.

कुंपण

१९८१ मध्ये अमेरिकी सरकारने संपूर्ण अकॅटिनेला कुळ संकटग्रस्त म्हणून जाहीर केलं. एखाद-दुसरी जात न निवडता अख्खं कुळच यादीत घेणं हे त्या कायद्याखाली वेगळं पाऊल होतं. मात्र तोपर्यंत निम्म्याहून अधिक जाती संपल्या असाव्यात, असा तेव्हाचाच अंदाज होता. आज ४१ पैकी दहाच्या आसपास उरल्या आहेत.

कायद्याने गोगलगाय गोळा करणं थांबतं, युग्लँडिना थांबत नाही. म्हणून दोन कामं समांतर सुरू झाली.

एक, प्रयोगशाळेत पाळणं. ऐकायला सोपं, करायला किचकट. तापमान आणि दमटपणा राखणाऱ्या कपाटांत पिंजरे ठेवायचे, डोंगरातून ओहिआच्या फांद्या आणून आत लावायच्या, शिवाय बशीत वेगळी बुरशी वाढवून द्यायची, पिंजरे धुवायचे आणि दर वेळी पिल्लं मोजायची. सगळी भिस्त मोजक्या व्यक्तींवर असल्याने एखादं दुखणं किंवा यंत्रातला बिघाड अख्ख्या वंशावर बेतू शकतो. अपेक्सफुल्वाच्या बाबतीत प्रयोगशाळेने जात वाचवली नाही, तिचं आयुष्य वीस-बावीस वर्षांनी लांबवलं. यात तिथल्या लोकांची कसूर नाही. त्यांच्या हाती दिलं गेलं तेच दहा होतं.

दुसरं काम कुंपणाचं, आणि माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात शहाणी गोष्ट तीच. १९९८ मध्ये वाइआनाएच्या पाहोले भागात पहिलं कुंपण उभं राहिलं. बाहेरून पाहिलं तर डोंगरात कुणी पत्र्याची भिंत का बांधली असेल, असा प्रश्न पडावा. भिंत गुळगुळीत, वर उंदराला पकड मिळू नये असा वळवलेला पत्रा. बाहेरच्या अंगाला खाली झुकलेली तिरकी पट्टी, कारण उलट्या कोनातून वर जाणं युग्लँडिनाला जड जातं. त्यावर कापलेल्या तांब्याच्या जाळीची टोकं. आणि तरीही एखादी पुढे आलीच तर विजेच्या बारीक तारा.

हे उभारून भागत नाही. आधी आतली एकूणएक युग्लँडिना हाताने वेचून काढावी लागते. पालापाचोळा, खोडांच्या ढोल्या, दगडांखाली, महिनोन्महिने. बाहेरच्या झाडाची फांदी कुंपणावर झुकली तर तो शत्रूला पूल झाला, म्हणून आजूबाजूला सतत छाटणी. वादळात फांदी पडली की कुणीतरी चढून जायचं. आत पुन्हा देशी झाडं लावायची. एकदाच करून हात झटकता येतील असं यात काहीच नाही, आणि १९५५ च्या नेमकं उलट टोक ते इथेच गाठतं.

या कामात एक खातं अनपेक्षित आहे: अमेरिकी लष्कर. वाइआनाएमधल्या माकुआ खोऱ्यात लष्कराचा गोळीबाराचा सराव चाले. त्यातून लागणारे वणवे वरच्या जंगलाला धोका. संकटग्रस्त जातींच्या कायद्यामुळे लष्कराला मुस्टेलिनाच्या संरक्षणाची जबाबदारी घ्यावी लागली. माकुआतला खरा गोळीबार २००४ पासून बंद आहे, पण गोगलगायी सांभाळणारं लष्करी पथक राहिलं आणि राज्य सरकारच्या गोगलगाय बचाव कार्यक्रमासोबत काम करत आलं. हेतू काय होता याची मला फिकीर नाही. पगारी माणसं वर्षानुवर्षं त्याच कड्यावर जातात, हे महत्त्वाचं.

मुस्टेलिनाचे जनुकीयदृष्ट्या वेगळे असे सहा गट अभ्यासातून समोर आले आहेत. त्यामुळे एका कुंपणात सगळ्या कोंबून "जात वाचली" म्हणता येत नाही. गुलिकने रंगांवरून जे ताडलं होतं ते जनुकांत दिसलं, आणि काम सहापट झालं.

आता कुठे अडलं आहे

कुंपणाबाहेर युग्लँडिनावर अजून उपाय नाही. आपल्याकडे शंखी गोगलगायींसाठी मेटाल्डिहाइडच्या गोळ्या टाकतात, तसल्या आमिषाला ती फशी पडत नाही. तिला जिवंत गोगलगायच लागते. तिचा वास काढायला कुत्र्यांना शिकवून पाहिलं गेलं. डोंगरभर फिरून ती संपवणं आजच्या साधनांनी शक्य नाही.

लातूर-बीडच्या शेतकऱ्यांना कृषी विभाग सांगतो ते असं: गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून बांधावर टाका, रात्री त्याखाली जमलेल्या गोगलगायी सकाळी वेचा, मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात बुडवून मारा, अंडी शोधून नष्ट करा, आणि हे सगळं गावाने मिळून एकाच वेळी करा. कंटाळवाणं, मजुरी खाणारं काम आहे. शेतकरी वैतागतो ते रास्तच. पण त्या गोणपाटाचा परिणाम बांधापुरता राहतो आणि नको वाटला तर गोणपाट उचलता येतं. सह्याद्रीतही स्वतःच्या गोगलगायी आहेत, त्यातल्या कित्येक फार थोड्या भागात सापडणाऱ्या. उद्या कुणी एखादा "नैसर्गिक शत्रू" बाहेरून आणून सोडायचा प्रस्ताव घेऊन आला, तर त्याला पहिला प्रश्न हा विचारावा की तो परत कसा गोळा करणार.

अपेक्सफुल्वाचं म्हणाल, तर २०१७ मध्ये जॉर्जच्या पायाचा २ मिलिमीटरचा तुकडा काढून सॅन डिएगोला गोठवून ठेवला आहे. पुढेमागे त्यातून गोगलगाय वाढवता येईल, अशी आशा काही जण धरून आहेत. आली तरी तिला पानांवरची बुरशी लागेल, सात वर्षं लागतील, आणि कोओलाउमध्ये एक कुंपण लागेल, ज्याची फांद्या-छाटणी दर पावसाळ्यात कुणालातरी करावी लागेल.